तांब्यावरची गावं

नळदुर्गच्या पाणीमहालात उतरलं की आधी अंगाला गारवा लागतो आणि मग पाण्याचा आवाज ऐकू येतो. बोरी नदीवर घातलेल्या बांधाच्या पोटातच ही दालनं बांधली आहेत. पावसाळा चांगला झाला, की नर आणि मादी अशा दोन धारा माथ्यावरून खाली झेपावतात आणि आतल्या सज्ज्यात उभ्या माणसाला पाण्याचा पडदा मागच्या बाजूने दिसतो. हे बांधकाम दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या काळातलं, १६१३ मधलं. उमरग्याहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं की गाडीने तासाभरात किल्ला येतो. शाळेच्या सहलीपासून मी तिथे जात आलो आहे.

अलीकडे जाताना चित्रवही बरोबर नेतो. हात काही चित्रकाराचा नाही, पण दहा मिनिटं एकाच भिंतीकडे बघून रेघा ओढल्या की आधीच्या वीस फेऱ्यांत न दिसलेली खिडकी दिसते. असाच एकदा बसलो असताना मनात आलं, कॅमेरा यायच्या आधी आपला हा मुलूख कुणी काढला असेल? आणि काढला तर छापला कशावर? त्या प्रश्नापायी दोन-अडीचशे वर्षं मागे, तेही आधी इटलीत जावं लागलं.

गावांची, शहरांची चित्रं छापून विकण्याचा धंदा तेव्हा इटलीत ऐन भरात होता. व्हेनिसजवळ जन्मलेला जोव्हान्नी बातिस्ता पिरानेसी रोममध्ये राहून त्या शहराचे देखावे तांब्याच्या पत्र्यावर काढत असे. १७४० च्या दशकाच्या अखेरीस त्याने ही मालिका हाती घेतली आणि १७७८ मध्ये मरेपर्यंत सोडली नाही. एकूण १३५ पत्रे झाले. रोम बघायला येणारे युरोपातले सधन प्रवासी ती चित्रं विकत घेऊन घरी नेत. पडक्या कमानी, त्यांवर उगवलेली झुडपं आणि पायथ्याशी मुंगीएवढी माणसं या त्याच्या मांडणीमुळे अवशेषांकडे बघायची एक नजरच पुढच्या पिढ्यांना मिळाली.

ती कृती मात्र आपल्याकडच्या कुठल्याही तांबट आळीत समजावी अशी आहे. गुळगुळीत घासलेल्या तांब्याच्या पत्र्यावर मेण आणि राळेचा पातळ लेप द्यायचा, तो धुरावर धरून काळा करायचा आणि त्यावर सुईने चित्र ओढायचं. सुई जिथून जाते तिथे लेप निघून तांबं उघडं पडतं. मग पत्रा तेजाबात सोडायचा. तेजाब उघडं तांबं खातं, लेपाखालचं खात नाही. फिकी रेघ हवी तर लवकर बाहेर काढायचा, गडद हवी तर जास्त वेळ ठेवायचा. नंतर लेप पुसून रेघांत शाई भरायची, वरची पुसून काढायची आणि ओलसर कागद ठेवून रुळाखालून दाबून काढायचा. कागदावर चित्र उलटं उमटतं, म्हणून काढतानाच डावं-उजवं मनात फिरवून घ्यावं लागतं.

आपल्या मुलखात ही विद्या घेऊन आलेल्यांपैकी एक स्कॉटलंडचा जेम्स वेल्स. तो १७९१ मध्ये मुंबईत उतरला. त्या आणि पुढच्या वर्षी त्याने मुंबईचे बारा देखावे टिपले. मलबारच्या टेकडीवरून दिसणारं बेट, शीवच्या किल्ल्यावरून दिसणारा मुलूख, घारापुरीवरून दिसणारं बंदर. पाणी, माडांच्या राया, मधूनच एखादी वस्ती. आजच्या मुंबईकराला त्यातली एक जागा ओळखायची तर नकाशा शेजारी ठेवावा लागेल. मला ही चित्रं आवडतात ती त्यांतल्या मोकळ्या जागेसाठी. या शहरात एकेकाळी इतकं आकाश होतं, हे दुसऱ्या कुठल्या दस्तऐवजातून इतकं पटत नाही.

ती बारा चित्रं लंडनला पुस्तकरूपाने निघाली १८०० मध्ये. वेल्सने ते पुस्तक पाहिलं नाही. साष्टीतल्या कान्हेरीच्या लेण्यांत चित्रं काढताना त्याला ताप भरला आणि नोव्हेंबर १७९५ मध्ये तो गेला. वेरूळच्या लेण्यांची चित्रंही त्याच्या हातून अर्धवट राहिली. ती इंग्रज चित्रकार थॉमस डॅनियलने कोरवून १८०३ मध्ये लंडनला छापली.

पण मधल्या काळात वेल्स पुण्यात होता, आणि माझ्या लेखी या सगळ्या हकिकतीचा गाभा तिथेच आहे. पेशवे दरबारातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या पुढाकाराने शनिवारवाड्यात चित्रकला शिकवायची सोय झाली. सवाई माधवरावांचा काळ. वेल्सने पेशवे आणि नाना फडणवीस यांना एका मोठ्या चित्रात शेजारी बसवलं ते त्याच सुमारास. त्या वर्तुळात तयार झालेला पुण्याचा चित्रकार म्हणजे गंगाराम चिंतामण तांबट. त्याने मॅलेटसाठी वेरूळची लेणी काढली, कार्ल्याचा चैत्य काढला. मॅलेटने वेरूळवर लिहिलेला लेख कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत १७९९ मध्ये आला, त्याला आधार गंगारामच्या चित्रांचा. त्याची मूळ चित्रं आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. आडनाव तांबट, आणि ज्या काळात चित्रं तांब्यावरून छापली जात त्याच काळात तो चित्रकार झाला. वेल्सच्या चित्रात लेणं दुरून, उजेड-सावलीसकट येतं. गंगारामच्या चित्रात खांब मोजता येतात. शिल्पाचा हात नक्की कुठे वळला आहे हे बघायचं असेल तर मी गंगारामकडे जाईन.

याच पुण्यात आणखी एक गोष्ट घडली. मॅलेटच्याच प्रोत्साहनाने एका तांबटाला तांब्यावर नागरी अक्षरं कोरायला शिकवलं गेलं. नाना फडणवीसांच्या मनात गीता छापायची होती. १८०० मध्ये नाना गेले आणि काम थांबलं. तो तांबट मिरजेला पटवर्धनांच्या आश्रयाला गेला आणि १८०५ मध्ये मिरजेत तांब्याच्या पत्र्यांवरून भगवद्गीता छापली गेली. एकेक श्लोक उलट्या अक्षरांत तांब्यात उतरवायचा, तोही पूर्वी कुणी केलेलं समोर नसताना. आपल्याकडे दानाचे ताम्रपट शेकडो वर्षं कोरले गेले, पण ते एकाच घरात राहत. मिरजेचा पत्रा कागदाला टेकला आणि त्याच्या प्रती निघाल्या. या घटनेला आपल्या शाळेच्या पुस्तकांत एक ओळ तरी मिळायला हवी होती.

त्यानंतर तांबं मागे पडलं आणि दगड आला. शिळाछाप स्वस्त पडे आणि लवकर होई. मूळचा गोव्याचा जुझे गोन्साल्विस याने १८२६ मध्ये मुंबईच्या रस्त्यांची, इमारतींची शिळाछाप चित्रं काढली. आपल्याच किनाऱ्यावरच्या माणसाने आपल्या शहराचे देखावे छापल्याचं हे फार सुरुवातीचं उदाहरण.

आता आमच्या भागाकडे येतो. फिलिप मेडोज टेलर १८२४ मध्ये पोरवयात मुंबईला आला आणि पुढे निजामाच्या चाकरीत गेला. ठगांवरच्या कादंबरीमुळे त्याचं नाव झालं, पण त्याआधीच, १८३७ मध्ये, दख्खनच्या त्याच्या रेखाचित्रांचं शिळाछाप पुस्तक लंडनला निघालं होतं. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडाबरोबर धाराशिवकडचा मुलूखही इंग्रजांच्या हवाली केला आणि त्याच्या कारभारावर टेलर आला. ठाणं नळदुर्ग. १८५७ पर्यंत तो इथे होता. १८६० मध्ये हा मुलूख पुन्हा निजामाकडे गेला.

म्हणजे दख्खन काढणारा हात नळदुर्गला पोचला, पण त्याचं चित्रांचं पुस्तक निघून तोवर सोळा वर्षं झाली होती. आमचा भाग त्याने पुढे छापला तो शब्दांत. १८६३ मधली त्याची ‘तारा’ ही कादंबरी तुळजापूरची आहे, शिवकाळातली. तिच्यातलं तुळजापूर वाचताना चित्र काढणाऱ्याचा डोळा जागोजाग जाणवतो. १८६६ मध्ये विजापूरच्या वास्तूंवर मोठा ग्रंथ निघाला. त्यातला इतिहास टेलरने लिहिला, पण पानांवर चित्रांच्या जागी फोटो आले होते. सुई आणि तेजाबाचं काम कॅमेऱ्याने घेतलं. पुरातत्त्व सर्वेक्षक जेम्स बर्जेसने १८७५-७६ च्या हंगामात धाराशिवची लेणी मोजली, त्यांचे नकाशे काढले, तो अहवाल १८७८ चा. त्याला देखावा नको होता, माप हवं होतं.

तांब्यावरची कला पुढे संपली नाही, ती कलाशाळेत गेली. विसाव्या शतकात यज्ञेश्वर शुक्ल रोमला जाऊन छापचित्रकला शिकून आले आणि मुंबईच्या जे. जे. मध्ये त्यांनी ती शिकवली. पिरानेसीच्या रोममधून विद्या मुंबईला आली याचा मला आनंद वाटतो.

या सगळ्या मागोव्यात एक गोष्ट मला सारखी टोचत राहिली. वेल्सला बंदर दिसलं, गंगारामला लेणी, टेलरला तुळजापूर. आमची साधी गावं कुणी काढली नाहीत. वेस, मारुतीचं देऊळ, आड, दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, त्यांवर लाकडी तुळया आणि मातीचं जाड माळवद. उन्हाळ्यात आत गार वाटायचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून माणसं झोपलेली असताना, भूकंप झाला आणि याच भिंती आणि माळवदं त्यांच्या अंगावर आली. भूकंपात सापडलेलं किल्लारी लातूर जिल्ह्यात. आज लोहारा तालुक्यात असलेलं सास्तूर तेव्हा आमच्या उमरगा तालुक्यात होतं. लातूर आणि धाराशिव या दोन्ही जिल्ह्यांतली बावन्न गावं पार जमीनदोस्त झाली. नंतर नवी गावं उभी राहिली, सरळ रस्त्यांची, आखीव घरांची. तीही माणसांनी आता आपलीशी केली आहेत. पण जुन्या गावाचा चेहरा दाखवायला कुणाकडे लग्नातला एखादा फोटो आहे, त्यात नवरा-नवरी पुढे आणि मागे अर्धा दरवाजा.

गेल्या उन्हाळ्यात चित्रवही घेऊन अशाच एका जुन्या गावठाणावर गेलो. बाभळी माजलेल्या, मधूनमधून जोत्याचे दगड. शेरडं घेऊन आलेले एक आजोबा जवळ येऊन उभे राहिले. कशाचं चित्र काढता म्हणाले. मी म्हटलं, इथं काय होतं ते सांगा, तसं काढतो. ते खाली बसले आणि हातातल्या काठीने मातीत रेघ ओढली. ही वेस. इथून आत आलं की पाटलाचा वाडा. वाड्याला वळसा घालून बोळ. बोळ जरा जास्त डावीकडे गेला असं वाटलं, तेव्हा तळहाताने माती पुसली आणि पुन्हा ओढली. मग आड, आडाजवळ चिंच. चिंचेपाशी काठी थांबली. सावली सकाळी कोणत्या घरावर पडायची ते आठवत ते बराच वेळ बसून होते, आणि मी वही मांडीवर ठेवून त्यांच्या काठीच्या टोकाकडे बघत होतो.