क्रोशाचे क्लोव्हर-पान

क्रोशाचे क्लोव्हर-पान : एका टोकाशी आकडा असलेल्या सुईने सलग दोऱ्याचे फासे एकमेकांतून ओढून तयार केलेली, क्लोव्हर या वनस्पतीच्या पानाच्या आकाराची लहान आकृती. यूरोपात व अमेरिकेत चार दलांचे क्लोव्हर-पान शुभसूचक मानले जाते. त्याची क्रोशाने विणलेली प्रतिकृती किल्ल्यांच्या जुडग्याला, पुस्तकातील खुणेच्या फितीला वा भेटवस्तूला अडकवतात. आकृती छोटी असली, तरी क्रोशेकामातील बहुतेक मूलभूत टाके तीत येतात. त्यामुळे नवशिक्यांना हे काम अभ्यासासाठी सोयीचे ठरते.

वनस्पती व संकेत : क्लोव्हर ही शिंबावंत कुलातील ट्रायफोलियम या प्रजातीची वनस्पती होय. भारतात चाऱ्यासाठी लावले जाणारे बरसीम याच प्रजातीतील असून मेथी व लसूणघास या तिच्या जवळच्या आप्त वनस्पती आहेत. मेथीप्रमाणेच क्लोव्हरचे पान स्वभावतः तीन दलांचे असते. क्वचित एखाद्या पानास चौथे दल फुटते. पांढऱ्या क्लोव्हरमध्ये असे पान काही हजारांत एखादेच आढळते. त्याला शुभ मानण्याचे मूळ या दुर्मिळतेत आहे. हा समज जुना असून जॉन मेल्टन या इंग्रज लेखकाने १६२० मध्ये त्याचा उल्लेख केला आहे. आयर्लंडचे राष्ट्रीय चिन्ह असलेला शॅमरॉक मात्र तीन दलांचाच असतो. संत पॅट्रिकने ख्रिस्ती धर्मातील त्रैक्याची कल्पना या पानाच्या साहाय्याने समजावून दिली, अशी आख्यायिका आहे. तेव्हा तीन दलांचे पान हे आयरिश अस्मितेचे आणि चार दलांचे पान हे सुदैवाचे चिन्ह, असा भेद लक्षात ठेवावा लागतो. व्यवहारात या दोहोंची अनेकदा गल्लत होते.

इतिहास : क्रोशे या शब्दाचा फ्रेंच भाषेतील अर्थ लहान आकडा असा आहे. या कामाचे मुद्रित नमुने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून आढळतात. पेनेलोपे या डच नियतकालिकाने १८२३ च्या सुमारास असे नमुने छापले. क्रोशाने विणलेल्या क्लोव्हर-पानाला कलाकृतीचा दर्जा मिळाला, तो आयर्लंडमध्ये आणि तोही एका भीषण आपत्तीच्या काळात. १८४५ मध्ये तेथील बटाट्याच्या पिकावर करपा रोग पडला आणि पुढील काही वर्षे पीक वारंवार बुडाले. बटाटा हेच गरिबांचे मुख्य अन्न असल्याने सुमारे दहा लाख लोक उपासमारीने व साथींच्या रोगांनी मृत्युमुखी पडले आणि तितक्याच लोकांनी देशांतर केले. शेतीचे उत्पन्न नाहीसे झालेल्या कुटुंबांना घरबसल्या चार पैसे मिळवून देणारे काम हवे होते. क्रोशाला भांडवल लागत नाही. एक सुई, थोडा दोरा व बोटांचे कौशल्य एवढ्यावर ते चालते. मुलांना सांभाळताना ते खाली ठेवता येते व पुन्हा हाती घेता येते. कॉर्क येथील अर्सुलाइन जोगिणींनी मुलींना हे काम शिकविले. मॉनहन परगण्यातील क्लोनिस येथे धर्मोपदेशकाची पत्नी कॅसँड्रा हँड यांनी १८४७ च्या सुमारास ते सुरू केले आणि पुढे क्लोनिस हे या लेसचे प्रमुख केंद्र बनले. व्हेनिसच्या सुईकामाच्या लेसचा उठाव क्रोशाने साधण्याच्या तंत्राचे श्रेय रिएगो द ला ब्राँशार्दिएर या लेखिकेला दिले जाते. तिच्या पुस्तकांमुळे क्रोशेकामाचा मोठा प्रसार झाला.

आयरिश क्रोशेचे वैशिष्ट्य असे, की त्यात वस्त्र सलग विणले जात नाही. गुलाब, शॅमरॉक, द्राक्षे, पाने इ. आकृती प्रथम सुट्या विणतात. त्या आराखडा काढलेल्या कापडावर उलट्या टाचतात आणि मधली जागा साखळ्यांच्या जाळीने भरतात. जाळीत मधूनमधून घातलेल्या गोल गाठी क्लोनिसच्या नावाने ओळखल्या जातात. या पद्धतीमुळे श्रमविभागणी शक्य झाली. एखादी स्त्री केवळ शॅमरॉक विणी, दुसरी गुलाब, तर तिसरी ते सर्व जोडी. त्यामुळे मागणी पुरविण्याचा वेग वाढला. परंतु पूर्ण वस्त्राच्या किमतीपैकी सुटी आकृती विणणारीच्या वाट्याला अल्प भागच येई. १८९१ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी मंडळाने पश्चिम आयर्लंडच्या दरिद्री भागांत लेसच्या शिक्षणवर्गांना साहाय्य केले. पहिल्या महायुद्धानंतर पोशाखाची अभिरुची बदलली व हा व्यवसाय ओसरला. पुढे क्लोनिस येथे त्याचे पुनरुज्जीवन करण्यात आले.

साहित्य : नवशिक्याने मध्यम जाडीचा, घट्ट पिळाचा सुती हिरवा दोरा आणि २ ते २·५ मिमी. जाडीची क्रोशाची सुई घ्यावी. फार बारीक दोऱ्यात टाके दिसत नाहीत. लोकरीचे टाके सैल पडतात व पानाचा आकार बसतो. याशिवाय कात्री व दोऱ्याची टोके लपविण्यासाठी मोठ्या नेढ्याची बोथट सुई लागते.

टाके : साखळी म्हणजे सुईवरील फाशातून दोरा ओढून केलेला नवा फासा. जोडटाक्यात सुई टाक्यात घालून ओढलेला दोरा सुईवरील फाशातूनही काढून घेतात. मुक्या खांबात सुई टाक्यात घालून दोरा ओढतात व सुईवर जमलेल्या दोन फाशांतून तो एकदम काढतात. अर्ध्या खांबात सुईवर आधी दोऱ्याचा एक वेढा घेतात, सुई घालून दोरा ओढतात व झालेल्या तिन्ही फाशांतून तो एकदम काढतात. खांबात सुरुवात तशीच असते; परंतु दोरा दोन-दोन फाशांतून दोनदा काढतात. उंचीच्या दृष्टीने मुका खांब सर्वांत ठेंगणा, तर खांब सर्वांत उंच होय. दलाचा आकार या उंचीच्या फरकातूनच साधला जातो.

कृती : प्रथम ६ साखळ्या घालून पहिल्या साखळीत जोडटाका घ्यावा, त्यामुळे एक लहान वलय तयार होते. नंतर १ साखळी घालून सुई वलयाच्या पोकळीतून काढावी व १ मुका खांब आणि त्यापुढे ९ साखळ्या विणाव्यात. हाच क्रम एकूण चार वेळा करून पहिल्या मुक्या खांबावर जोडटाका घ्यावा. अशा रीतीने साखळ्यांच्या चार कमानी होतात. दुसऱ्या फेरीत प्रत्येक कमानीत अनुक्रमे २ मुके खांब, १ अर्धा खांब, ३ खांब, १ मुका खांब, ३ खांब, १ अर्धा खांब व २ मुके खांब असे एकूण १३ टाके घालून पुढच्या कमानीपूर्वीच्या मुक्या खांबावर जोडटाका घ्यावा. मधल्या ठेंगण्या मुक्या खांबामुळे दलाच्या टोकाशी खाच पडते व त्यास बदामाचा आकार येतो. चार दलांचे मिळून ५२ टाके होतात. देठासाठी त्याच जागी १० साखळ्या घालाव्यात. सुईलगतची एक साखळी सोडून उरलेल्या ९ साखळ्यांवर एकेक मुका खांब विणीत परत यावे व वलयाशी जोडटाका घेऊन दोरा कापून ओढून घ्यावा. तीनच कमानी केल्यास शॅमरॉक तयार होतो. आयरिश पद्धतीचा उठाव हवा असल्यास दुसरी फेरी विणताना कमानीच्या कडेने जाड दोऱ्याचे दोन-तीन पदर धरून त्यांवरूनच टाके घालतात.

दोष व उपाय : दल आत वळत असल्यास टाके फार घट्ट पडले आहेत, असे समजावे, अशा वेळी सुई एक क्रमांक मोठी घ्यावी. टाके कमी-जास्त झाल्यास दले विषम होतात. म्हणून प्रत्येक कमान पुरी होताच टाके मोजावेत. क्रोशात एका वेळी एकच फासा सुईवर उघडा असतो. त्यामुळे चुकलेले काम हव्या त्या टाक्यापर्यंत उसवून पुन्हा विणता येते. टोके मागील बाजूच्या टाक्यांतून किमान ३ सेंमी. ओवून मगच कापावीत. शेवटी पान ओले करून सौम्य खळ द्यावी, टाचण्यांनी सपाट बसवून सावलीत वाळवावे. वरील जाडीच्या दोऱ्यात त्याची रुंदी सुमारे ५ सेंमी. भरते.

भारतातील संदर्भ : भारतात क्रोशेकाम मिशनऱ्यांच्या शाळांतून व मठांतून रुजले. महाराष्ट्रात क्रोशाची तोरणे, रुमाल व ताटांवरील झाकणे रुखवतात मांडण्याची प्रथा रूढ झाली. गोव्यातही क्रोशाची लेस परिचित आहे. आंध्र प्रदेशातील नरसापूर येथे क्रोशाची लेस हा मोठा निर्यात-व्यवसाय बनला. तेथील स्त्रियांविषयी मारिया मीस या समाजशास्त्रज्ञेचा अभ्यास १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. घरी बसून लेस विणणाऱ्या स्त्रियांना कामगार न मानता गृहिणी मानले जाते आणि म्हणूनच त्यांना अत्यल्प मोबदला मिळतो, असे तीत दाखविले आहे. क्रोशाची वीण यंत्रावर हुबेहूब उतरविणे व्यापारी उत्पादनात साधलेले नाही. यंत्रावर विणलेल्या लेसमध्ये केवळ तिचा भास निर्माण केला जातो. बाजारात मिळणारे खऱ्या क्रोशाचे प्रत्येक पान, ते कितीही स्वस्त असले, तरी कोणाच्या तरी हाताने टाका-टाका मोजून विणलेले असते.