स्वस्त टीव्हीवर संगणक

स्वस्त टीव्ही संगणकाला जोडायला एक एचडीएमआय केबल पुरते. चित्र लगेच दिसते; अक्षर वाचण्याजोगे दिसेलच असे नाही. सिन्नरच्या बाजारपेठेत ऑनलाइन अर्ज भरून देणारे दुकान असो की माळेगाव किंवा मुसळगाव औद्योगिक वसाहतीतले छोटे वर्कशॉप, दिवसभर मजकूर वाचायचा असेल तर पडद्याच्या इंचांपेक्षा त्यावरचे ठिपके (पिक्सेल) महत्त्वाचे ठरतात.

टीव्हीला संगणक जोडणे नवे नाही. १९८२ साली ब्रिटनमध्ये आलेला आणि पुढे भारतात डेसिबेल्स कंपनीने विकलेला स्पेक्ट्रम संगणक घरच्या टीव्हीवरच चाले. पण त्याच्या एका ओळीत ३२ अक्षरेच मावत, म्हणून ती ठळक दिसत.

आजचा स्वस्त ३२ इंची टीव्ही बहुधा 'एचडी रेडी' असतो : आडवे १३६६, उभे ७६८ ठिपके. एक ठिपका सुमारे अर्धा मिलिमीटर. २४ इंची फुल एचडी मॉनिटरचा ठिपका ०.२८ मिलिमीटरच्या आसपास. पलंगावरून मालिका पाहताना हा फरक कळत नाही. दोन फुटांवर बसून सातबारा वाचताना कळतो. देवनागरीला त्याचा फटका अधिक बसतो. शिरोरेघेवर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, म्हणून मधल्या अक्षराच्या वाट्याला ठिपके कमीच येतात. अनुस्वार रेघेत मिसळतो, क्षेत्राच्या रकान्यातला बिंदू पुसट होतो. अक्षर मोठे केले तर उतारा निम्माच दिसतो. अशा कामाला हा टीव्ही घेऊ नये. सीसीटीव्ही लांबून पाहायला मात्र तो उत्तम.

४३ इंची फोर-के टीव्हीची गोष्ट वेगळी. त्याचा ठिपका पाव मिलिमीटरचा, म्हणजे त्या मॉनिटरहूनही बारीक. ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आल्याने हा पर्याय थोडा जवळ आला आहे. मात्र जुन्या लॅपटॉपचे एचडीएमआय १.४ फोर-केमध्ये सेकंदाला ३०च चित्रे देते आणि माऊसचा बाण अडखळतो. ६० साठी २.० लागते.

जोडल्यावर टास्कबार कापला गेला, तर टीव्ही चित्र किंचित फुगवून कडा छाटत असतो. पिक्चर साइजमध्ये 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' निवडावे. शार्पनेस बराच खाली आणावा. वाढवलेल्या शार्पनेसने अक्षरांभोवती पांढरी कड उमटते. 'गेम मोड' लावला की चित्रावरची प्रक्रिया घटते आणि कळ दाबणे व अक्षर उमटणे यांतले अंतर कमी होते. इनपुटचे नाव 'पीसी' केल्यावर काही टीव्ही रंग पूर्ण तपशिलाने दाखवतात. एरवी शेजारच्या ठिपक्यांत मिळून एकच रंगमाहिती वापरली जाते आणि काळ्यावरची लाल अक्षरे कडेला फिसकटतात.

म्हणून दुकानात स्वतःचा लॅपटॉप न्यावा, सातबाऱ्याची पीडीएफ शंभर टक्के आकारात उघडावी, दोन फुटांवर बसून वाचावी आणि मग काळ्या पानावर लाल मजकूर पाहावा.