बेंजोची टकटक कमी कशी करायची?



गौरी-गणपती असोत, हळद असो नाहीतर गावची जत्रा, बेंजो वाजल्याशिवाय आपल्याकडे कार्यक्रमाला रंग चढत नाही. आपल्या मंडळात कुणी बेंजो शिकत असेल, घरातली मुलगी इलेक्ट्रिक गिटार वाजवत असेल, तर आजची माहिती त्यांच्यासाठी आहे. आणि गटाच्या पैशातून वाद्यं घ्यायचा विचार चालला असेल, तर सगळ्यांसाठीच आहे.

तक्रार नेहमीची असते. घरात वाजवताना बेंजो गोड लागतो. तोच ॲम्प्लिफायरला जोडला की प्रत्येक सुराच्या आधी ‘टक’ ऐकू येतं. चाल जलद झाली की सूर मागे आणि टकटक पुढे. मग कुणी म्हणतं मशीन खराब आहे, कुणी म्हणतं हे बायकांचं काम नाही. पुष्कळदा या दोन्हीत काही तथ्य नसतं. टक मशीनमध्ये तयार होत नाही, ती हाताशी तयार होते. मशीन फक्त ती मोठी करून दाखवतं. म्हणून उपायसुद्धा हातापासून सुरू करायचा आणि मशीनकडे शेवटी जायचं.

आधी या वाद्याची ओळख करून घेऊ. जपानमध्ये नागोया इथे १९१२ साली गोरो मोरिता यांनी ताइशोगोतो नावाचं वाद्य तयार केलं. त्याचंच रूप भारतात बुलबुल तरंग म्हणून रुजलं आणि आपण त्याला बेंजो म्हणू लागलो. डाव्या हाताने बटणं दाबायची आणि उजव्या हातात प्लॅस्टिकची छोटी पट्टी धरून तारा छेडायच्या. या पट्टीला पिक म्हणतात. सतारवाल्यांची नखी जे काम करते, तेच हिचं काम.

आता टक का येते ते बघू. तांब्याच्या हंड्यावर स्टीलचा चमचा मारा, मग लाकडी पळी मारा. हंड्याचा घुमणारा नाद दोन्ही वेळा सारखाच असतो, पण सुरुवातीचा ठोका वेगळा येतो. तारेचंही तसंच आहे. पिक तारेला लागते तो ठोका पहिला, आणि तार थरथरते तो सूर दुसरा. घरात आपण वाद्यापासून थोडं लांब असतो, त्यामुळे ठोका सुरात मिसळून जातो. इलेक्ट्रिक बेंजोत मात्र तारांच्या अगदी खाली पिकअप बसवलेला असतो. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेढे. तो तारेची हालचाल इतक्या जवळून टिपतो की ठोकाही सुटत नाही.

सगळ्यात आधी एक साधी परीक्षा करा. डावा तळहात तारांवर सपाट ठेवा, म्हणजे सूर बंद होईल. आता उजव्या हाताने पिक मारा. जे ऐकू येईल ती निव्वळ टक. ती लक्षात ठेवा. पुढचा प्रत्येक उपाय केल्यावर हीच परीक्षा पुन्हा करायची आणि फरक ऐकायचा. काहीही न वाजवता सतत घूं आवाज येत असेल, तर तो वेगळा दोष आहे, बहुतेक अर्थिंगचा. वायर हलवल्यावर खर्रखर्र होत असेल तर वायर किंवा तिची पिन खराब आहे. घूं बंद व्हावी म्हणून प्लगची तिसरी, अर्थची पिन कुणी काढायला सांगितली तर ऐकू नका. घरातली वीज २३० व्होल्टची असते आणि ती पिन जीव वाचवण्यासाठी असते.

पहिला उपाय पिकचा. पातळ पिक तारेवर फडफडते आणि टक जास्त येते. अर्धा मिलीमीटरची वापरत असाल तर एक मिलीमीटरच्या आसपासची, गोल टोकाची घेऊन बघा. ही काही रुपयांची वस्तू आहे. जुन्या पिकची कड झिजून खरबरीत झाली असेल, तर बारीक पॉलिश पेपरवर घासून गुळगुळीत करा.

दुसरा उपाय हाताचा. पिक जितकी बाहेर, तितका ठोका मोठा. टोक फक्त दोन-तीन मिलीमीटर बाहेर दिसेल एवढीच धरा. मूठ घट्ट आवळू नका. पिक तारेवर सपाट आपटण्याऐवजी किंचित तिरपी धरा, म्हणजे ती तारेवरून सरकून जाईल. मात्र वेढे दिलेली जाड तार असेल तर तिरप्या पिकने करकर येते, तिथे पिक सरळच बरी. आणि तारा जिथे घोडीवर टेकतात त्याच्या अगदी जवळ छेडू नका. तिथे आवाज टोकदार येतो. थोडं आत सरकलात की तोच सूर भरीव लागतो.

तिसरा उपाय वाद्याचा. पिक पिकअपच्या अंगावर आपटत असेल तर टकऐवजी ‘ठोक’ येतं. पिकअप वरखाली करायचे स्क्रू असतील तर तो थोडा खाली घ्या. तार आणि पिकअप यांत दोन-तीन मिलीमीटर जागा असली तरी चालतं. काही बेंजोंना लाकडावर चिकटवलेला पिकअप असतो. तो बटणांची खटखटही उचलतो. असं वाद्य उघड्या टेबलावर न ठेवता घडी घातलेल्या गोधडीवर ठेवा. वाजवून झालं की तारा कोरड्या सुती कापडाने पुसा. गंजलेली तार करकरतेच.

चौथा उपाय मशीनच्या बटणांचा. इको असेल तर आधी बंद करा, कारण तो प्रत्येक टकेच्या चार टका करतो. बास आणि ट्रेबल मध्यावर ठेवा. टक हा तीक्ष्ण आवाज आहे, त्याचा मोठा भाग ट्रेबलमध्ये असतो. म्हणून ट्रेबल थोडं थोडं कमी करत जा आणि टक मागे गेली की थांबा. आणखी कमी केलं तर सूर गोणपाटात गुंडाळल्यासारखा येईल. गेन आणि व्हॉल्यूम ही दोन वेगळी बटणं असतील तर गेन कमी ठेवा आणि लागेल तेवढा आवाज व्हॉल्यूमने वाढवा. गेन फार चढवला की मोठे आवाज चेपले जातात आणि टक, खरखर असे बारीक आवाज त्यांच्या बरोबरीला येतात.

पाचवा उपाय स्पीकरचा. भोंगा भाषण लांबवर पोचवायला चांगला, पण तीक्ष्ण आवाज तो जास्तच पुढे फेकतो. बेंजोसाठी मोठ्या कोनचा बॉक्स स्पीकर बरा. गिटारच्या ॲम्प्लिफायरचा स्पीकर मुळातच फार तीक्ष्ण आवाज देत नाही. म्हणून तीच गिटार मंडपातल्या साउंड सिस्टिमला थेट जोडली की टक अचानक वाढल्यासारखी वाटते.

हे सगळं करताना निवाडा वाजवणारीने करू नये, ती स्पीकरच्या शेजारी असते. एका मैत्रिणीला वीस पावलं लांब उभं करा आणि ढोलकीसकट वाजवून बघा. ढोलकीच्या ठेक्यात थोडी टक आपोआप झाकली जाते. आणि टक पूर्ण मारायचीही नाही. थोडा ठोका असतो म्हणून तर जलद चालीतले सूर वेगवेगळे कळतात.

सूर नीट कळला नाही की लोक ओरडतात, “आवाज वाढवा!” पण आवाज वाढवला की सुराबरोबर टकही तेवढीच वाढते. शिवाय कानांचा प्रश्न आहेच. ८५ डेसिबलचा आवाज रोज आठ तास ही कानांसाठी मर्यादा मानली जाते. १०० डेसिबलला ती पंधरा मिनिटांवर येते. वाजवणाऱ्या बाया आणि पुढे बसलेली लहान मुलं स्पीकरच्या सर्वांत जवळ असतात, हे विसरू नका. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून लागू आहेत. राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे आणि सरकारने सूट दिलेले सणाचे मोजके दिवस सोडले, तर रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. सूर स्वच्छ असेल तर कमी आवाजातही तो गल्लीच्या टोकापर्यंत कळतो.

तेव्हा मैत्रिणींनो, नवीन ॲम्प्लिफायरसाठी गटाचं कर्ज मंजूर करण्याआधी एक संध्याकाळ द्या. तळहाताची परीक्षा करा. पिक, हात, वाद्य, बटणं, स्पीकर या क्रमाने जा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे गुण कशाने आला ते कळेल. यातल्या बहुतेक गोष्टींना पैसे लागत नाहीत. इतकं करूनही आवाज फाटत असेल, तर मग मशीन दुरुस्तीला न्या. तेव्हा दुकानदाराला नेमकं काय सांगायचं, हे तुम्हाला माहीत असेल.