घाटमाथ्याचा आठवडा : हवामानाचा अंदाज कसा ऐकावा



आषाढातली संध्याकाळ. लावणीची माणसे चिखलपायांनी घरी आलेली, भिजलेली घोंगडी चुलीजवळ टाकलेली, आणि रेडिओवर हवामानाचा अंदाज लागलेला. निवेदक सांगतो, ‘घाटमाथ्यावर तुरळक ठिकाणी मुसळधार ते अति मुसळधार पाऊस पडेल.’ ऐकणारा म्हणतो, "तुरळकच आहे ना? मग भ्यायचं काय कारण?" आणि मध्यरात्री ओढा अंगणाला येऊन लागतो. सकाळी सारा बोल रेडिओला!

यात रेडिओ खोटा बोलला नाही आणि ऐकणाराही चुकार नव्हे. घोटाळा एका शब्दाचा आहे. आपल्या बोलण्यात तुरळक पाऊस म्हणजे चार थेंब. हवामान खात्याच्या भाषेत ‘तुरळक’ हे पावसाचे वर्णन नाही, ते ठिकाणांचे वर्णन आहे. त्या भागातल्या पाऊस मोजण्याच्या केंद्रांपैकी फार तर चौथ्या हिश्श्याच्या केंद्रांवर पाऊस पडेल, एवढाच त्याचा अर्थ. चौथा हिस्सा ते निम्मी केंद्रे म्हणजे ‘काही ठिकाणी’. निम्मी ते पाऊण म्हणजे ‘अनेक ठिकाणी’. आणि त्याहून अधिक म्हणजे ‘बहुतांश ठिकाणी’. पाऊस किती, हे पुढचा शब्द सांगतो. चोवीस तासांत साडेचौसष्ट मिलिमीटरपासून पुढे मुसळधार, ११५ च्या वर अति मुसळधार, आणि २०४ च्याही वर गेला तर अत्यंत मुसळधार. तेव्हा ‘तुरळक ठिकाणी अति मुसळधार’ याचा सरळ अर्थ असा, की थोड्या गावांवर पडेल, पण ज्यांवर पडेल त्यांना झोडपून काढील. ती थोडी गावे कोणती, हे आदल्या दिवशी कोणी छातीठोक सांगू शकत नाही. डोंगरातल्या गावाने ते गाव आपलेच, असे धरून चालावे.

असे का म्हणावे? महाबळेश्वराहून वाईला उतरताना पाहा. महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पाचगणीला तो तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येतो, आणि घाट उतरून वाईत पोचावे तो सात-आठशेच्या घरात. अंतर उणेपुरे तीस-बत्तीस किलोमीटर! समुद्रावरून आलेला ओला वारा सह्याद्रीला धडकतो, वर चढतो, थंड होतो आणि आपले ओझे माथ्यावरच उतरवतो. पलीकडे जातो तो बहुतेक रिकामा. म्हणून एकाच जिल्ह्यात एके ठिकाणी धूळ आणि दुसरीकडे पूर, असे घडते. हल्ली अंदाजात पुणे, सातारा, कोल्हापूर, नाशिक या जिल्ह्यांचा घाटमाथा वेगळा सांगतात तो याचसाठी. जिल्ह्याचे नाव ऐकून बटण बंद करू नका. ‘घाटमाथा’ हा शब्द येईपर्यंत कान द्या. ‘किनाऱ्यालगत कमी दाबाचा पट्टा’ किंवा ‘बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र’ असे शब्द आले, की पश्चिमेचा वारा जोर धरण्याचा संभव असतो. असा आठवडा आपल्याकडे बहुधा जड जातो.

अंदाजाबरोबर रंगही सांगतात. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. केशरी म्हणजे तयारीत राहा. तांबडा म्हणजे आता हालचाल करा. आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्या. आठवड्याच्या अंदाजात पहिले दोन दिवस अधिक भरवशाचे; पुढचे दिवस जसे लांब, तसा भरवसा कमी. लावणीला माणसे सांगायची असली, रोपांना युरिया द्यायचा असला, तर आठवड्यावरून बेत करा, पण तो पक्का करा आदल्या दिवशीचा अंदाज ऐकूनच. मुसळधार पावसाच्या तोंडावर टाकलेले खत पिकाला मिळत नाही, ओढ्याला मिळते.

आता खरी महत्त्वाची गोष्ट. आकाशातून काय येणार ते खाते सांगते. पण आपल्या डोंगराने आजवर किती पाणी प्यायले आहे, हे कोणी सांगायचे? ते आपणच मोजले पाहिजे.

मृगापासून जमीन पाणी पीत असते. तरणा पाऊस होतो, मग जुलैच्या १९-२० तारखेच्या सुमारास म्हातारा पाऊस, म्हणजे पुष्य नक्षत्र, सुरू होते. तोवर कातळावरची माती आणि मुरूम तुडुंब भिजलेले असतात. खाली कठीण खडक; पाणी जायचे कुठे? ते माती आणि खडक यांच्यामध्ये साठते, मातीची पकड सुटते, आणि वरून आणखी एक मोठी सर आली की उतारच्या उतार खाली येतो. आंबेगाव तालुक्यातले माळीण ३० जुलै २०१४ ला गाडले गेले. दीडशेच्या आसपास माणसे गेली. महाड तालुक्यातले तळीये २२ जुलै २०२१ चे. ऐंशीहून अधिक जीव गेले. खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री गेली. तारखा जवळजवळ लावून पाहा. दोष नक्षत्राचा नव्हे. दीड महिना भिजलेल्या मातीवर पडणारा तो पाऊस आहे. जूनमध्ये जो शंभर मिलिमीटर पाऊस डोंगर सहज पचवतो, तोच जुलैअखेर त्याला पेलेलच असे नाही.

शंभर मिलिमीटर म्हणजे तरी किती? एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. गुंठाभर जागेवर शंभर मिलिमीटर पडला, तर दहा हजार लिटर, म्हणजे मोठा टँकरभर पाणी झाले. घरामागचा उतार किती गुंठे आहे, ते मोजा आणि तितके टँकर मनाशी उभे करा.

येथे गुरुजींना एक विनंती आहे. तेलाचा पंधरा किलोचा रिकामा पत्र्याचा डबा घ्या. वरचा पत्रा सारखा कापून काढा. शाळेच्या पटांगणात, झाड आणि पागोळी यांपासून दूर, तो सपाट जागी बसवा आणि वाऱ्याने हलू नये म्हणून बाजूंनी दगड लावा. रोज सकाळी साडेआठला, हवामान खाते मोजते त्याच वेळी, मुलांकडून आत पट्टी उभी धरून पाणी मोजून घ्या. पट्टीचा शून्य अगदी टोकाला हवा. आकडा वहीत लिहावा, डबा ओतून पुन्हा ठेवावा. पाऊस फार असेल तेव्हा संध्याकाळीही मोजावे. महाबळेश्वरी २३ जुलै २०२१ च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. एवढ्या पावसात आपला डबा भरून वाहून जाईल! फळ्याच्या कोपऱ्यात दोन आकडे रोज लिहा : आजचा पाऊस आणि गेल्या तीन दिवसांची बेरीज. मुलांचे गणितही होईल आणि गावाला आपल्या डोंगराची नाडीही कळेल. बेरीज चढत चालली आहे आणि रेडिओ केशरी किंवा तांबडा रंग सांगतो आहे, असे दिसले, की गावाने जागे व्हावे.

डोंगरही कधी कधी आधी सांगतो. उतारावर किंवा घराच्या भिंतीला नवी भेग पडणे, झाडे किंवा विजेचे खांब कलणे, वाहता झरा एकाएकी गढूळ होणे किंवा आटणे, कधी नव्हे तिथून पाणी फुटणे, दारे चौकटीत अडकू लागणे, डोंगरातून घरघर ऐकू येणे, ही लक्षणे दिसली तर पंचांग पाहू नका, पंचांची वाटही पाहू नका. म्हातारी माणसे, पोरे आणि गुरे घेऊन उताराच्या आणि ओढ्याच्या वाटेतून बाजूला व्हा. कुठे जायचे ती जागा उन्हाळ्यातच ठरवून ठेवा. मग १०७७ वर जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला किंवा ११२ वर कळवा. पण लक्षणे दिसली नाहीत म्हणून निर्धास्तही राहू नका. काळोख्या रात्री भेग कोणाला दिसणार? म्हणून तांबडा इशारा असेल, तर उताराखालच्या घरांनी दिवस आहे तोवरच सुरक्षित जागी मुक्काम हलवावा.

"दहा वेळा गेलो, काहीच झालं नाही," असे कोणी म्हणेल. बरे झाले म्हणा! दहा रात्री शाळेत किंवा सोयऱ्याच्या ओटीवर काढल्या, तर गेली फक्त झोप. अकराव्या रात्रीचे कोणी सांगावे?

तेव्हा रेडिओचे सेल बदलून ठेवा, डबा आजच कापा, आणि उद्या सकाळी साडेआठला पहिला आकडा लिहा. पावसाला आपण थांबवू शकत नाही. पण तो बेसावध गाठणार नाही, एवढे आपल्या हाती आहे.

राम राम.