दात्याच्या अवयवासोबत येणारे जिवाणू

संसर्गाचे स्वरूप
प्रत्यारोपणात दात्याच्या शरीरातील जिवाणू अवयवासोबत रुग्णाच्या शरीरात शिरून आजार निर्माण करतात, तेव्हा त्याला दात्याकडून आलेला संसर्ग म्हणतात. असे प्रसंग विरळ असले, तरी जिवावर बेतणारे असतात.

उगम
मेंदूमृत दाता बहुधा काही दिवस अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर असतो. श्वासनलिकेतील नळी, लघवीचा कॅथेटर आणि शिरेतील सेंट्रल लाइन यांवाटे क्लेब्सिएला, ॲसिनेटोबॅक्टर, स्यूडोमोनास यांसारखे जिवाणू आत शिरतात. रुग्णालयातच फोफावलेले हे जिवाणू अनेकदा कार्बापेनेमसारख्या प्रबळ प्रतिजैविकांनाही दाद देत नाहीत. अवयव ज्या थंड द्रावणात नेतात, तेही दूषित होऊ शकते.

काळाचे गणित
खरी अडचण येथे आहे. बर्फात ठेवलेले हृदय साधारण 4 ते 6 तासच टिकते. मूत्रपिंड सुमारे दीड दिवस. रक्ताच्या कल्चरमध्ये जिवाणू वाढणे, ते ओळखणे आणि कोणते औषध लागू पडते हे ठरणे, याला बहुधा 2 ते 3 दिवस लागतात. क्षयाच्या जिवाणूंना तर कित्येक आठवडे. म्हणजे अंतिम अहवाल हाती येतो, तेव्हा अवयव रोपून झालेला असतो.

परिणाम
शरीराने अवयव नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, स्टिरॉइड देऊन प्रतिकारशक्ती दबवलेली असते. त्यामुळे ताप येईलच असे नाही. सर्वांत भयंकर गुंतागुंत रक्तवाहिनीच्या सांध्यावर होते: नव्या मूत्रपिंडाची धमनी जेथे टाके घालून जोडलेली असते, तेथील भिंत जिवाणू पोखरतात, ती फुग्यासारखी फुगते आणि अचानक फुटून प्रचंड रक्तस्राव होतो.

दाता नाकारावा का?
सरसकट नाही. न्यूमोकॉकस किंवा मेनिंगोकॉकसमुळे मेंदुज्वर होऊन मृत्यू पावलेल्या दात्याला योग्य प्रतिजैविके मिळाली असतील आणि नंतर रुग्णालाही ती दिली, तर त्याचे अवयव वापरता येतात. जंतू कोणता व औषध कोणते हे ठाऊक नसताना धोका वाढतो. प्रतीक्षायादीतील रुग्णाला अवयव न मिळणे हाही मोठाच धोका आहे.

निरोपाची साखळी
एकाच दात्याची दोन मूत्रपिंडे, यकृत आणि हृदय वेगवेगळ्या रुग्णालयांत जातात. महाराष्ट्रात हे वाटप विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रांमार्फत होते. दात्याच्या रुग्णालयात उशिरा आलेला कल्चर अहवाल या सर्व रुग्णालयांना त्याच दिवशी कळला पाहिजे. एका रुग्णात आढळलेला जिवाणूही उरलेल्यांच्या डॉक्टरांना कळला पाहिजे. एवढ्या एका निरोपावर योग्य प्रतिजैविक वेळेत सुरू होते.