ख्रिस्ती आचारधर्म

येशू ख्रिस्ताच्या उपदेशानुसार दैनंदिन जीवन जगण्याची ख्रिस्ती समाजातील रीत व तीमागील नैतिक विचार. श्रद्धा ही केवळ मताची बाब नसून ती कृतीतून प्रकट झाली पाहिजे, हे या विचाराचे मुख्य सूत्र होय. त्याचा आधार बायबलच्या नव्या करारातील शुभवर्तमानांत सापडतो. मत्तयकृत शुभवर्तमानातील गिरिप्रवचनात (अध्याय ५ ते ७) शत्रूवर प्रेम करणे, अपराध्यास क्षमा करणे, दान गुप्तपणे देणे आणि दुसऱ्याचा न्याय करण्याचे टाळणे या गोष्टी सांगितल्या आहेत. लूककृत शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात वाटेत जखमी होऊन पडलेल्या माणसाला तुच्छ मानलेल्या समाजातील प्रवासी साहाय्य करतो. ‘शेजारी’ या शब्दाची व्याप्ती त्यामुळे जात, देश व पंथ यांच्या पलीकडे जाते. भुकेला, तहानेला, परका, उघडा, आजारी व बंदिवान यांची सेवा ती येशूचीच सेवा, असेही मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात प्रतिपादिले आहे.

नित्याचे आचरण : रविवारची उपासना, बायबलचे वाचन, कौटुंबिक प्रार्थना व प्रभुभोजन ही या जीवनक्रमाची ठळक अंगे होत. रोमन कॅथलिक पंथात पापनिवेदन या संस्काराला आणि ईस्टरपूर्व उपवासकाळाला विशेष महत्त्व आहे. प्रॉटेस्टंट पंथीयांत बायबलच्या वैयक्तिक वाचनावर व प्रवचनावर अधिक भर असतो. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत हंगामाचे धान्य उपासनामंदिरात अर्पण करण्याची आणि प्रीतिभोजनात सर्वांनी एका पंक्तीस बसण्याची चाल आढळते. जेथे पंक्तिभेद हा सामाजिक जीवनाचा नियम होता, तेथे या सहभोजनाला धार्मिकाइतकाच सामाजिक अर्थही होता. ना. वा. टिळक (१८६१–१९१९) यांनी भजन व कीर्तन या देशी प्रकारांचा अंगीकार करून ख्रिस्ती उपासनेला मराठी वळण दिले आणि १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ ही बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांची संघटना स्थापिली. लक्ष्मीबाई टिळक यांच्या स्मृतिचित्रे या आत्मचरित्रात सोवळेओवळे व जातिभेद यांच्या बंधनांतून मन कसे हळूहळू मोकळे होत गेले, याचे प्रांजळ निवेदन आहे.

सेवाकार्य : या उपदेशाचे सर्वांत ठळक सामाजिक रूप शिक्षण, रुग्णसेवा व दुष्काळातील साहाय्य यांत दिसते. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील शेकडो निराधार मुली व स्त्रिया यांना आश्रय दिला. त्यातून केडगावचे मुक्तिसदन आकारास आले. तेथे स्त्रियांना लेखनवाचनाबरोबर विणकाम, शेती, मुद्रण इ. उद्योग शिकविण्यात आले. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले बायबलचे सुबोध मराठी भाषांतर याच संस्थेच्या छापखान्यात छापले गेले. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरज येथे रुग्णालय सुरू केले.

मराठवाड्यात, तत्कालीन निजामाच्या हैदराबाद संस्थानात, जालना हे या कार्याचे एक जुने केंद्र होते. १८४३ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जालन्याजवळ ‘बेथेल’ (हिब्रू अर्थ ‘देवाचे घर’) ही वसाहत स्थापिली. ब्राह्मण कुळात जन्मलेल्या या धर्मोपदेशकाने अस्पृश्य मानलेल्या ख्रिस्ती कुटुंबांसमवेत वसविलेले हे गाव, हे त्या काळी आचारधर्माचे धाडसी उदाहरण होते. याची किंमतही मोठी होती : शेषाद्रींचे धाकटे बंधू श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिले असता प्रकरण न्यायालयात गेले, मुलगा घरी परतला आणि त्यास जातीत परत घेण्यावरून मोठा वाद झाला. या वादात बाळशास्त्री जांभेकर यांनी त्याच्या शुद्धीची बाजू घेतली होती.

नांदेड जिल्ह्यातील धर्माबाद हे तेलंगणाच्या सीमेवरील गाव असून तेथे मराठी व तेलुगू या दोन्ही भाषा बोलल्या जातात. येथून जाणाऱ्या लोहमार्गावरच, निजामाबादच्या पुढे, डिचपल्ली हे स्थानक लागते. तेथे वेस्लियन मेथडिस्ट पंथाच्या इझाबेल केर या स्कॉटिश डॉक्टर स्त्रीने व जॉर्ज केर या त्यांच्या पतीने १९१५ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी रुग्णालय उघडले. त्यास नरसा गौड या हिंदू गृहस्थाने मोठी देणगी दिली होती. समाजाने गावाबाहेर घातलेल्या रोग्याला स्पर्श करून उपचार करणे, ही तेथे उपदेशाची प्रत्यक्ष टीकाच होती. आणि त्यास लागलेला हातभार धर्माची सीमा ओलांडून आला होता.

अडचणी व मूल्यमापन : आदर्श व आचार यांतील अंतर ख्रिस्ती समाजातही राहिले. धर्मांतरानंतर जातीची जाणीव पूर्णपणे नाहीशी झाली नाही. विवाहसंबंध व काही ठिकाणी उपासनामंदिरातील बैठक आणि दफनभूमी यांतही तिचा प्रत्यय येतो. दुसरीकडे, १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठरविला गेला. पुढे १९५६ मध्ये शिखांचा व १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला, मात्र ख्रिस्ती दलित त्याबाहेरच राहिले. त्यामुळे खेड्यातील गरीब ख्रिस्ती कुटुंबाला जातीचा भार वाहूनही सवलतीस मुकावे लागते. दुष्काळात दिलेल्या साहाय्यामागे धर्मांतराचा हेतू असल्याचा आक्षेपही मिशनऱ्यांवर वारंवार घेतला गेला. दान गुप्त असावे व त्याची परतफेड अपेक्षू नये, हा येशूचा दंडक लक्षात घेता हा आक्षेप त्याच्याच उपदेशाच्या कसोटीवर तपासावा लागतो. ज्या प्रमाणात पंक्ती एक झाली, रुग्णाला स्पर्श झाला आणि निराश्रितास घर मिळाले, त्या प्रमाणातच हा आचारधर्म मराठी भूमीत रुजला असे म्हणता येईल.