चुरमुऱ्यांतली हवा, काकडीतलं पाणी

घरातल्या छोट्या वजनकाट्यावर एकदा लिटरभराचं पातेलं ठेवलं आणि त्यात चुरमुरे ओतले. पातेलं शिगोशीग भरलं, तरी आकडा ५० ग्रॅमच्या आसपासच घुटमळत होता. मग तेवढ्याच वजनाची शेव काढली, ती एका वाटीत मावली. तेवढेच कोरडे तांदूळ घेतले, ते मूठभर झाले. तिन्ही ढीग शेजारी शेजारी मांडून मी बराच वेळ बघत बसले.

चुरमुरे तांदळाचेच. त्यामुळे पातेलंभर चुरमुऱ्यांत आणि मूठभर तांदळांत कॅलरी जवळपास सारख्याच, पावणेदोनशे-दोनशेच्या घरात. शेवेच्या वाटीत मात्र अडीचशेच्या वर. वाटीला वाटी लावली, तर शेवेची एक वाटी म्हणजे चुरमुऱ्यांच्या सात-आठ वाट्या!

मुठीचं पातेलं केलं ते हवेनं. वजन उतरवायचं म्हटलं की आपण आधी ताटातला घास कमी करतो. पण त्या दिवसापासून मला वाटू लागलं, की विचार उलट्या बाजूनं करायला हवा. ताटात भर कशाची घालायची? हवा, पाणी आणि चोथा या तीन गोष्टी पोट भरतात आणि कॅलरींच्या हिशेबात फारशा येत नाहीत. मराठी स्वयंपाकघरात ज्याला आपण ‘हलकं’ म्हणतो, ते बहुतेक याच तिघांच्या जोरावर उभं आहे.

आधी हवेचं बघू. चुरमुऱ्यांसाठी भात उकडतात, वाळवतात, सडतात. मग मिठाचा हात लावून ते दाणे भट्टीवरच्या तापलेल्या वाळूत टाकतात. दाण्यात उरलेल्या किंचित ओलाव्याची क्षणात वाफ होते. उष्णतेनं मऊ पडलेला पिष्टाचा गाभा ती वाफ आतून फुगवते, आणि दाणा बाहेर येऊन थंड झाला की तो फुगवटा तसाच घट्ट होतो. काही सेकंदांत तांदळाचा दाणा म्हणजे शेकडो पोकळ खोल्यांचं घर होतं.

ज्वारीच्या आणि मक्याच्या लाह्यांची गोष्ट याहून थरारक. त्यांचं कवच कुकरसारखं वाफ कोंडून धरतं. मक्याचा दाणा १८० अंश सेल्सिअसच्या सुमारास फुटतो, हे फ्रान्समधल्या दोन संशोधकांनी २०१५ मध्ये मोजून दाखवलं. दाणा फुटताना येणारा आवाज कवच तडकण्याचा नसून कोंडलेली वाफ सुटण्याचा असतो, हेही त्यांनी वेगवान कॅमेऱ्यानं टिपलं. नागपंचमीच्या आधी ज्वारीच्या लाह्या फोडताना कढईवर झाकण धरून जो तडतडाट आपण ऐकतो, तो अशाच सुटलेल्या वाफेचा.

पण हवेनं पोट भरतं का? भरतं, आणि हेही मोजून झालं आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात बार्बरा रोल्स यांनी २००० साली एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. दह्या-दुधाचं एकच पेय, घटक तेच, कॅलरी त्याच. फक्त घुसळून त्यात कमी-जास्त हवा भरली आणि त्याचे ३००, ४५० आणि ६०० मिलिलिटरचे पेले केले. पुरुषांना जेवणाआधी अर्धा तास ते प्यायला दिले. ज्या दिवशी ६०० मिलिलिटरचा पेला प्यायले, त्या दिवशी ते ३०० मिलिलिटरच्या दिवसापेक्षा १२ टक्के कमी जेवले.

याचं कारण पोटाच्या भिंतीत आहे. रिकामं जठर मुठीएवढं असतं, जेवताना ते लिटरभर किंवा त्याहूनही जास्त ताणतं. हा ताण ओळखणारी टोकं भिंतीत असतात आणि वेगस नावाची नस त्याची खबर मेंदूला पोचवते. या टोकांना आकारमान कळतं, कॅलरी कळत नाहीत. कॅलरींची खबर आतड्यातून निघणारी संप्रेरकं देतात, आणि तिला वीसेक मिनिटं लागतात. शेवेची वाटी संपायला पाच मिनिटं पुरतात. म्हणजे पहिली खबर पुरेशी नसते, दुसरी अजून वाटेत असते, आणि तेवढ्यात आपण दुसरी वाटी घेऊन बसलेलो असतो.

आता पाणी. काकडीत ९५ टक्के पाणी. १०० ग्रॅम काकडीत १५-१६ कॅलरी, दुधी भोपळा तसाच, टोमॅटो थोडा वर. मग जेवताना घटाघटा पाणी प्यालं तर काम होईल असं वाटतं, पण इथेच खरी गंमत आहे. रोल्स यांच्याच १९९९ च्या प्रयोगात बायकांना जेवणाआधी कधी भात-कोंबडीचा एक पदार्थ दिला, कधी तोच पदार्थ आणि सोबत पेलाभर पाणी, तर कधी तेच पाणी त्या पदार्थात शिजवून केलेलं सूप. सूप घेतलं त्या दिवशी त्या पुढच्या जेवणात कमी जेवल्या. सोबत पाणी प्यायल्यानं तसा फरक पडला नाही. नुसतं पाणी जठरातून भराभर पुढे सरकतं. अन्नात मुरलेलं पाणी अन्नाबरोबर थांबतं.

हे वाचलं आणि मला मुगाचं कढण आठवलं. आजाऱ्याला, नुकत्याच उठलेल्या बाळंतिणीला, उपासानंतर पहिल्यांदा जेवणाऱ्याला आपल्याकडे कढण देतात. शिवाय टोमॅटोचं सार, ताकात शिजवलेली ज्वारीची किंवा नाचणीची आंबील, जिरं-हिंगाची फोडणी दिलेलं पातळ पिठलं. पाणी अन्नात कसं थांबवायचं, हे या साऱ्या पातेल्यांना ठाऊक होतं. ताकही त्यातलंच. रवीनं लोणी वर येतं आणि स्निग्धांशाचा मोठा वाटा काढून घेतला जातो. खाली उरतं ते पाणी, दह्यातली प्रथिनं आणि आंबट चव. त्यात जिरेपूड, किसलेलं आलं, कोथिंबीर घातली की चार वाजताची भूक पेलाभर ताकावर निभावते.

इथे तेलाबद्दल बोलायलाच हवं. एक ग्रॅम पिष्ट किंवा प्रथिन ४ कॅलरी देतं, एक ग्रॅम तेल ९. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ विल्बर अ‍ॅटवॉटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घालून दिलेला हा हिशेब आजही अन्नाच्या पाकिटांवर चालतो. मोठा चमचाभर तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी, पाऊण किलो काकडीइतक्या. म्हणून भरताचं वांगं मला थोर वाटतं. ते थेट जाळावर भाजतात. साल करपते, आत वांगं स्वतःच्याच पाण्यात शिजतं, तेलाचा थेंब लागत नाही. तेच वांगं तळायला टाकलं तर स्पंजासारखं तेल पितं. फोडणी मात्र सोडू नका. मोहरी, हिंग, कढीपत्ता यांचा वास तेलात उतरतो आणि तेलाबरोबर सगळ्या कोशिंबिरीत पसरतो. लहान चमचाभर तेलाला तेवढं काम पुरतं. फक्त ते बाटलीतून ओतू नका, चमच्यानं मोजा.

तिसरी गोष्ट चोथा, आणि त्याच्या जोडीला प्रथिनं. दोन्ही एकत्र बघायची तर मोड आलेली मटकी घ्यावी. रात्री भिजवलेली मटकी सकाळी फडक्यात बांधली की दाण्याला वाटतं, आपण मातीत पडलो. वजनाइतकं किंवा त्याहून जास्त पाणी पिऊन तो फुगतो, आतली विकरं जागी होतात, पोटात वायू धरणाऱ्या शर्करा फोडायला लागतात, आणि कोरड्या कडधान्यात जवळपास नसलेलं क जीवनसत्त्व नव्यानं तयार होतं. फडक्यातली मटकी दोन दिवस नुसती पडून असते असं आपल्याला वाटतं, आणि आत एवढं सगळं चाललेलं असतं! वाफवलेली मटकी, बारीक कांदा, टोमॅटो, लिंबू. चावायला वेळ लागतो, आणि तो वेळच आतड्यातून उशिरा निघणाऱ्या खबरीला पोचायला सवड देतो. शिवाय प्रथिनं पचवण्यातच त्यांच्या २० ते ३० टक्के कॅलरी खर्च होतात. तेलातुपाच्या पचनात हा खर्च ३ टक्क्यांच्या पुढे जात नाही.

भाकरीतला, भाजीतला चोथा तर आपण पचवतच नाही. तो मोठ्या आतड्यात पोचतो आणि तिथले जिवाणू त्यावर जगतात. त्याच्या बदल्यात ते जी आम्लं तयार करतात, त्यांनी तृप्तीच्या संप्रेरकांना चालना मिळते. दोडक्याच्या शिरांची चटणी करणाऱ्या बाईनं काटकसर म्हणून ती केली असेल, पण त्या शिरा आतल्या कोट्यवधी जिवांच्या जेवणाची सोय आहेत.

आणि बटाटा? त्याला सगळ्यांनी वाळीत टाकलंय. १९९५ मध्ये सिडनी विद्यापीठाच्या सुझाना होल्ट यांनी ३८ पदार्थ तपासले. प्रत्येकाचा वाटा २४० कॅलरींचा, आणि खाल्ल्यावर दोन तास पोट किती भरलेलं वाटतं याची नोंद. पांढऱ्या पावाला १०० गुण धरले. लोणी घातलेल्या क्रोसाँला ४७ मिळाले. सगळ्यात वर कोण होतं? साधा उकडलेला बटाटा, ३२३ गुणांनी. बदनामी बटाट्याची झाली, दोष कढईतल्या तेलाचा होता. उकडलेला बटाटा, पातळ दही, मिरची, कोथिंबीर, एवढ्यात दुपारचं जेवण होतं.

या सगळ्याची मला एवढी ओढ का, तेही सांगते. वजन कमी करणाऱ्या माणसाला लोक सर्रास म्हणतात, ‘तोंडावर ताबा ठेव.’ पण भूक म्हणजे मनाचा दुबळेपणा नाही. १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी घ्रेलिन हे जठरातून निघणारं, भूक चेतवणारं संप्रेरक शोधलं. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं, की कडक आहारानं वजन उतरवलेल्यांच्या शरीरात वर्षभरानंतरही घ्रेलिन वाढलेलंच होतं आणि त्यांची भूकही. शरीर गेलेलं वजन परत मागत राहतं. अशा माणसाला अर्धी चपाती खाऊन उठायला सांगणं ही त्याची परवड आहे. त्याला भरलेलं ताट हवं. कोशिंबिरीची मोठी वाटी, कढणाचा वाडगा, भरीत, मूठभर उसळ, एक भाकरी, पेलाभर ताक. हे ताट भरगच्च दिसतं, चावायला वेळ घेतं, पोट ताणतं, आणि तरीही हलकं असतं.

एक जपायचं. चुरमुऱ्यांतलं पिष्ट झटकन पचतं, रक्तातली साखर लवकर वाढवतं. मधुमेह असेल तर ते नुसते खाऊ नयेत, मोड आलेल्या मुगाबरोबर थोडेच घ्यावेत, आणि आहारात मोठा बदल करण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्यावं.

बाकीच्यांसाठी संध्याकाळचा माझा लाडका वाडगा. वाफवलेले मूग, बारीक चिरलेली काकडी, कांदा, टोमॅटो, हिरवी मिरची, कोथिंबीर, वर दहा-बारा भाजलेले शेंगदाणे. हे सगळं आधी एकत्र करून ठेवायचं. चुरमुरे सगळ्यात शेवटी घालायचे, लिंबू पिळायचं आणि लगेच खायला बसायचं, कारण त्या पोकळ खोल्यांच्या भिंती ओलावा शोषतात आणि बघता बघता चुरमुरे सादळतात. तापल्या वाळूत तांदळानं पोटात घेतलेली हवा तेवढीच काही मिनिटं आपल्या दाताखाली कुरकुरते.